ग्रंथपालांसाठी स्वस्तात, आणि बऱ्याचदा फुकटात, ऑनलाइन ट्रेनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजचे लायब्ररियन, शाळेतले ग्रंथपाल, गावच्या सार्वजनिक वाचनालयात काम करणारे, नुकतंच बी.लिब. झालेले, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

खरंच फुकटात चांगलं काही मिळतं का, की फुकट म्हणजे टाइमपास?

मिळतं, आणि माझं मत विचाराल तर आपल्या क्षेत्रात फुकटचं बऱ्याचदा पैसे घेणाऱ्यांपेक्षा चांगलं असतं, कारण आपण जी साधनं वापरतो त्यातली बरीचशी सार्वजनिक संस्थांनीच बनवलीत आणि शिकवणारेही तेच आहेत. मार्क (पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरला वाचता याव्यात म्हणून ठरवलेला साचा) शिकायचंय तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची मार्कची माहिती आणि कॅटलॉगिंगचं ट्रेनिंगचं साहित्य त्यांच्याच साइटवर मोफत आहे. बी.लिब.-एम.लिब.ची पुस्तकं हवीत तर इग्नूचं सगळं अभ्याससाहित्य ईज्ञानकोशवर पीडीएफमध्ये पडलंय. ई-पीजी पाठशाळेत लायब्ररी सायन्सचे पेपर आहेत, नेट-सेटवाल्यांना ते माहीत असतातच. आणि २०१७ पासून स्वयम् हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे. हेच सगळं कोणीतरी गोळा करून स्लाइड बनवतो आणि दोन-तीन हजार रुपयांना विकतो, तेव्हा पैसे भरायच्या आधी मूळ जागा बघून या एवढंच म्हणणं.

मग नेमकं काय शिकू? यादी बघूनच गरगरतंय.

यादीवरून सुरुवात करूच नका. आपल्या लायब्ररीत रोज कुठे अडतंय ते बघा. दाखलनोंद रजिस्टर अजून हातानेच आहे? पोरं येऊन विचारतात की जर्नल कुठे मिळेल आणि तुम्ही गप्प? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला ऑटोमेशनची, म्हणजे लायब्ररीचं काम कॉम्प्युटरवर नेल्याची, माहिती द्यायचीय? त्यातला एक प्रश्न धरा आणि त्याचंच शिका. माझं सरळ म्हणणं आहे की प्रमोशनसाठीचा कागद आणि कामासाठीची विद्या ही दोन वेगळी खाती आहेत, दोन्ही लागतात, पण एकाच कोर्समधून दोन्ही निघतील या आशेवर बसलात तर दोन्ही राहतं. कागदाच्या खात्यावर नियमात बसेल तेवढंच करा, थोडा खर्च झाला तर तिथेच होऊ द्या, आणि विद्येच्या खात्यावर शक्यतो एक रुपया घालवू नका.

कॅससाठी, म्हणजे कॉलेजातल्या बढतीच्या योजनेसाठी, ऑनलाइन कोर्स चालतात का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या रेग्युलेशनचा, महाराष्ट्राने ते ८ मार्च २०१९ च्या जीआरने लागू केलं. त्यात कॉलेज लायब्ररियनसाठी वेगळा भाग आहे, शिक्षकांचा भाग वाचून निष्कर्ष काढू नका, ही गफलत खूपजण करतात. पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जाताना सेवेची वर्षं तर लागतातच, पीएच.डी. असेल तर ४, एम.फिल. असेल तर ५, काहीच नसेल तर ६, आणि शिवाय किमान एक २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि ऑटोमेशन-डिजिटायझेशन वगैरे विषयावरचं किमान ५ दिवसांचं ट्रेनिंग, सेमिनार किंवा वर्कशॉप. लेव्हल ११ वरून १२ ला जाताना एक यादी दिलीय त्यातल्या दोन गोष्टी करायच्या, आणि त्या यादीत संबंधित विषयातला एक मूक (MOOC, म्हणजे सगळ्यांसाठी खुला ऑनलाइन) कोर्स ई-सर्टिफिकेटसह पूर्ण करणं हाही पर्याय आहे. म्हणजे स्वयम्‌ला नियमातच जागा आहे, कोणाच्या मेहेरबानीने नाही.

ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर (विषयाची उजळणी) हे कोर्स पूर्वी अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजला व्हायचे, मग त्याचं एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर झालं. पाटी बदलली, काम बऱ्यापैकी तेच. फरक असा की आता बरेच कोर्स ऑनलाइन होतात आणि तुम्हाला दुसऱ्या राज्यातल्या सेंटरचा कोर्सही घरी बसून करता येतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूर-अमरावतीच्या सेंटरला जागा भरल्या म्हणून रडत बसू नका, मिशनच्या पोर्टलवर देशभरातलं वेळापत्रक असतं, तिथे लायब्ररी सायन्सचा रिफ्रेशर शोधा. नॅशनल एज्युकेशन पॉलिसीवरचा आठ दिवसांचा ऑनलाइन कार्यक्रमही असतो, पण तो ऑटोमेशनच्या ट्रेनिंगच्या जागी चालेल असं गृहीत धरू नका.

आणि एक, कोर्सला नाव टाकायच्या आधी त्याची जाहिरात, किती दिवस, किती तास आणि आयोजक कोण हे कॉलेजच्या आयक्यूएसीला (गुणवत्ता बघणाऱ्या समितीला) दाखवून घ्या. एक-एक दिवसाचे पाच वेबिनार जोडले की पाच दिवस झाले असं गणित पुढे सहसंचालक कार्यालयात टिकेलच असं नाही. नंतर भांडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

स्वयम्‌ला पैसे लागतात का?

शिकायला नाही. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते, त्यावरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या कोर्सला ती साधारण हजार रुपये प्रति कोर्स राहिलीय, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, घरून नाही. कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत येतात. गंमत अशी की लोक उत्साहाने पाच-पाच कोर्सला नाव टाकतात आणि तिसऱ्या आठवड्यात असाइनमेंटची तारीख निघून जाते, आणि असाइनमेंटला किमान मार्क नसतील तर नुसत्या परीक्षेवर सर्टिफिकेट मिळत नाही. एका सत्रात एकच कोर्स घ्या. ग्रंथालयाचा कोर्स त्या सत्रात नसेल तर संशोधन पद्धती, डेटाबेस, पायथॉन असलं काहीही आपल्या कामाला लागतं, फक्त कॅसला "संबंधित विषय" धरतील का ते वेगळं विचारा.

वेबिनारच्या ई-सर्टिफिकेटला काही किंमत आहे का?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये काय झालं ते आठवा. सकाळी ११ ला एक, दुपारी ३ ला एक, शेवटच्या पाच मिनिटांत चॅटमध्ये फीडबॅक फॉर्मची लिंक येणार, ती येईपर्यंत मोबाइल म्यूट करून भाजी निवडायची, मग फॉर्म भरला की रात्री ईमेलवर सर्टिफिकेट. गूगल फॉर्मवरच्या क्विझमध्ये ४० टक्के पडले तरी सर्टिफिकेट. अशी पन्नास-साठ सर्टिफिकेटं असलेले लोक मला माहितीयत आणि त्यातला एकही विषय त्यांना आठवत नाही. कॅसच्या दृष्टीने एक-दोन तासांच्या वेबिनारला फारसं वजन नाही. विद्येच्या दृष्टीने मात्र चांगला वक्ता असेल तर तासाभरात खूप मिळतं, तेव्हा नाव बघून जा, सर्टिफिकेट बघून नाही. १२ ऑगस्टला रंगनाथन जयंती आणि १४ ते २० नोव्हेंबरचा ग्रंथालय सप्ताह, या दोन वेळेला वेबिनारांचा पूर येतो, निवडून बसा.

घरबसल्या कोहा, म्हणजे लायब्ररी चालवायचं मोफत सॉफ्टवेअर, शिकता येईल का? कॉम्प्युटरचं फारसं येत नाही.

येईल. आधी हे समजून घ्या की कोहात दोन वेगवेगळी कामं आहेत, एक म्हणजे ते सर्व्हरवर टाकणं आणि सांभाळणं, दुसरं म्हणजे त्यात रोजचं काम करणं, म्हणजे नोंदी, देवघेव, सभासद, रिपोर्ट. ९० टक्के लोकांना दुसरं शिकायचं असतं आणि ते पहिल्याला घाबरून दूर राहतात.

दुसऱ्यासाठी काहीच इन्स्टॉल करायची गरज नाही. कोहाच्या जागतिक कम्युनिटीच्या साइटवर डेमोच्या लिंक असतात, तिथे लॉगिन करून खोटी पुस्तकं भरा, खोट्या सभासदाला द्या, दंड लावा, काहीही करा, तिथे काही बिघडलं तर कोणी ओरडत नाही. सोबत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची कोहावरची मालिका लावा. एकेक व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपलं काम, ते थांबले की आपण करायचं. नुसतं बघत बसलात तर काही येणार नाही, हे कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू आहे.

पहिलं, म्हणजे इन्स्टॉलेशन, त्यासाठी उबंटू किंवा डेबियन लिनक्स लागतं. ऑफिसच्या पीसीवर थेट प्रयोग करू नका, व्हर्च्युअलबॉक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, त्यात उबंटू, त्यात कोहा. मशीनला किमान ८ जीबी रॅम असली तर बरं. पहिल्यांदा चुकेल, दुसऱ्यांदा चुकेल, पुसून परत टाका. कोहाची नवी मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, म्हणून तीन-चार वर्षांपूर्वीचा यूट्यूब व्हिडिओ बघून कमांड टाकल्या आणि चाललं नाही तर स्वतःला दोष देऊ नका, आधी व्हिडिओची तारीख बघा. आणि बॅकअप घेणं आणि तो परत चढवून बघणं, हे शिकल्याशिवाय खऱ्या लायब्ररीचा डेटा त्यात टाकू नका. कृपा करून.

आमच्याकडे कोहा नाही, सोल हे सॉफ्टवेअर आहे, आम्ही काय करायचं?

सोल इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं, गांधीनगरहून चालतं, त्यांचं ट्रेनिंग आणि मार्गदर्शिका त्यांच्याकडूनच घ्या. सरकारी ग्रंथालय असेल तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, त्यातून आपला डेटा मार्क फाइलमध्ये बाहेर कसा काढायचा हे पहिल्या आठवड्यात शिका. बाकी सगळं मागाहून.

मराठी पुस्तकांच्या नोंदींचा घोळ आहे, त्याचं कुठे शिकवतात?

याचा तयार कोर्स मला तरी धड दिसला नाही आणि हेच आपलं खरं दुखणं आहे. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा तसल्याच फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्या की नुसती अगम्य अक्षरं. पहिला धडा म्हणजे युनिकोड (कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी अक्षरं) आणि ती टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, याला कोर्स लागत नाही, दहा-पंधरा दिवस रोज अर्धा तास टाइप केलं की हात बसतो. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर ऑनलाइन मोफत मिळतात, पण रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथेच माती होते.

दुसरा धडा नावांचा. एकाच डेटात "देशपांडे, पु. ल.", "पु.ल. देशपांडे", "पुलं" आणि "देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण" अशा चार नोंदी असतात आणि वाचकाने ओपॅकवर (लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर) शोधलं की चौथा भागच दिसतो. यासाठी ओपनरिफाइन नावाचं मोफत सॉफ्टवेअर शिका. एक्सेलची फाइल त्यात टाकली की एका कॉलममधली सगळी वेगवेगळी रूपं मोजून समोर मांडतं, एकदा दुरुस्त केलं की सगळ्या ओळी दुरुस्त. याचे धडे लायब्ररी कार्पेंट्री या उपक्रमाच्या साइटवर आहेत, खास ग्रंथालयवाल्यांसाठी लिहिलेले, पूर्ण मोफत आणि मुक्त परवान्याचे, म्हणजे तुम्ही त्याचं मराठी करून जिल्ह्यातल्या लोकांना शिकवू पण शकता. इंग्रजी आहे, पण पायरी-पायरीने आहे. मला कोणी एकच गोष्ट शिकायला सांगा म्हटलं तर मी हीच सांगतो, कोहा नाही.

इंग्रजी कच्चं आहे. मराठीत काय आहे?

थोडं आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, त्यातलं एक्सेलसारखं कॅल्क तेवढं तरी शिकून घ्या, रजिस्टरची यादी, वर्गणीचा हिशेब, वार्षिक अहवाल सगळं त्यावर होतं. आणि यूट्यूबच्या इंग्रजी व्हिडिओला सबटायटल लावून वेग थोडा कमी केला की अर्ध्याहून जास्त कळतं. सॉफ्टवेअर शिकताना भाषा वाटते तेवढी आड येत नाही, बटणं तर दिसतातच.

मी गावच्या वाचनालयात आहे, पगार एवढासा आहे, माझ्यासाठी काय?

तुम्हाला कॅस नाही, म्हणजे कागदाची कटकट नाही, हा त्यातल्या त्यात फायदा. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, आणि वर्गावर अनुदान ठरतं, मानधन किती हाती येतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर इथे वेगळं रडत नाही. तुमच्यासाठी तीन गोष्टी कामाच्या. एक, वर सांगितलेलं कॅल्क. दोन, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना नीट वाचून अर्ज करायला शिकणं, पुस्तकं, कपाटं, इमारत यांना तिथून मदत मिळते, आणि चांगला अर्ज लिहिणं हे शिकायचंच काम आहे. तीन, जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून सुटतं, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायचं, म्हणजे १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. तुमच्या कपाटात असली पुस्तकं नक्की असणार. फोनवर स्कॅन, मग मराठी ओसीआर (चित्रातल्या अक्षरांचा टाइप केलेला मजकूर करणं), मग मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या सोबतच्या मुक्त ग्रंथालयावर) चढवणं, याचं शिक्षण विकिमीडियाची मंडळी देतात, पैसे घेत नाहीत. कॉपीराइट असलेलं पुस्तक मात्र "गावासाठीच आहे" म्हणून चढवू नका.

विकिपीडियावर "एक ग्रंथपाल, एक संदर्भ" ही मोहीम पण दरवर्षी असते, १५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी आणि १५ मे ते ५ जून. मराठी विकिपीडियावर संदर्भ नसलेले लेख ढिगाने आहेत आणि तुमच्याकडे पुस्तकं आहेत.

परदेशी कोर्स घ्यावेत का?

फुकटचे जरूर. ओसीएलसी या अमेरिकेतल्या ग्रंथालय संस्थेचं वेबजंक्शन मोफत आहे, खातं उघडा, कोर्स करा, सर्टिफिकेटही मिळतं. विषय अमेरिकन सार्वजनिक लायब्ररीचे असतात, त्यातले काही आपल्याला अगदी परके वाटतील, पण वाचकाशी बोलणं, मुलांचे कार्यक्रम, जुनी पुस्तकं बाद करणं हे सगळीकडे सारखंच. लाइव्ह वेबिनारच्या मागे लागू नका, अमेरिकेच्या पूर्व भागातले दुपारचे ३ म्हणजे इकडे रात्रीचे साडेबारा-दीड, रेकॉर्डिंग बघा. इफ्ला या ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेचेही मोफत वेबिनार असतात.

पैसे देऊन करायचं तर दहा वेळा विचार करा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (मुक्त परवान्यांवरचा) सर्टिफिकेट कोर्स चांगला आहे पण फी ५०० डॉलर, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर. त्याचं सगळं वाचनसाहित्य मात्र मोफत टाकलंय, तेच वाचा. कोर्सेरावर फायनान्शियल एडचा अर्ज करता येतो, थोडं लिहावं लागतं आणि उत्तराला दोनेक आठवडे थांबावं लागतं. डॉलरमध्ये कार्डाने भरताना बँकेचा वरचा चार्ज धरा.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनचं (सरकारी खर्चाने संस्थांना जर्नल वाचायला देणाऱ्या योजनेचं) ट्रेनिंग घ्यायला हवं का?

तुमची संस्था त्यात असेल तर हो, आणि लवकर. सरकारने तीन वर्षांसाठी, २०२५ ते २०२७, ६,००० कोटी मंजूर केलेत, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० जर्नल, आणि कॉलेजात कोणाला विचारलं तर लॉगिन कसं करायचं माहीत नाही. प्रकाशक आपापल्या डेटाबेसचं ट्रेनिंग ऑनलाइन मोफत देतात, त्यांना वापर वाढवायचाच असतो. त्यांच्या जाहिरातीचा भाग सोडून द्या आणि शोध कसा लावायचा तेवढं शिका. संस्था यादीत नसेल तर एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ई-जर्नल आणि ई-पुस्तकांची योजना आहे, तेही धड वापरणारे कमीच.

एआयचं काय? सगळीकडे एआयचेच वर्कशॉप आहेत.

हो, आणि बऱ्याच ठिकाणी कुठल्या चौकटीत काय टाइप करायचं एवढंच शिकवतात. आपल्याला त्यातलं एक पक्कं यायला हवं: विद्यार्थी चॅटजीपीटीकडून संदर्भांची यादी घेऊन येतो, त्यातले काही लेख अस्तित्वातच नसतात, ते पकडता यायला हवं. लेखाचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) क्रॉसरेफच्या, म्हणजे हे क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेच्या, शोधात टाका, जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा, लेखक खरंच त्या विषयावर लिहितो का बघा. सोबत संदर्भ जमवून ठेवणारं झोटेरो शिका, मोफत आहे. क्रॉसरेफ आणि संशोधकांना ओळख-क्रमांक देणाऱ्या ऑर्किडचे वेबिनारही मोफत असतात.

कोर्ससोबत "इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर" फुकट देतात, घ्यावं का?

नाही.

बरं, कारण पण सांगतो. वेबिनार, सर्टिफिकेट, आयएसबीएनचं पुस्तक आणि पेपर असं पॅकेज दोन-तीन हजारांत कोणी देत असेल तर तिथे पेपर कोणी वाचत नाही, फक्त छापतात. पूर्वी यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची) दाखवून वाद मिटवता यायचा, ती पुण्याच्या विद्यापीठातल्या केंद्रातून चालायची, पण २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे प्राध्यापक आता आपल्याकडेच येऊन विचारणार की हे जर्नल चालेल का. अशा वेळी आपलाच पेपर तसल्या ठिकाणी निघाला तर काय तोंडाने सांगणार?

शाळेच्या ग्रंथपालांसाठी काही?

मुलांच्या लायब्ररीवर टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स चांगला आहे, काही भाग प्रत्यक्ष आणि काही दुरून, फी आणि तारखा त्यांच्याकडून घ्या. गोव्यात बुकवर्म या कामात खूप पुढे आहे. आणि स्टोरीवीव्हर उघडा, प्रथम बुक्सचं, मराठी गोष्टी मोफत वाचता, उतरवून घेता येतात.

ऑनलाइन कोर्सला ड्यूटी लीव्ह मिळते का?

संस्थेवर आहे. मालवीय सेंटरचा दिवसभराचा कोर्स असेल तर आधी अर्ज द्या, पत्र जोडा, मंजुरी लेखी घ्या. "घरूनच तर करताय, काउंटर सांभाळून करा" असं उत्तर येऊ शकतं, आणि तसं केलं की ना धड कोर्स होतो ना काउंटर. तिथे हजेरीला कॅमेरा चालू ठेवावा लागतो हे प्राचार्यांना स्पष्ट सांगा. स्वयम् किंवा स्पोकन ट्युटोरियलला सुट्टी मागू नका, ते सकाळी लवकर किंवा रात्री होतं. सर्टिफिकेट आलं की त्याच दिवशी पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि किती दिवसांचा कोर्स ते लिहा, आणि मंजुरीचं पत्र त्याच्याच शेजारी ठेवा, कारण कॅसच्या वेळेला नुसतं सर्टिफिकेट चालत नाही, ते पत्र पण मागतात.